टांग्याचा लगाम कुणाच्या हाती?

जून-जुलै महिन्यांत आमच्या वकिली कार्यालयात पक्षकारांपेक्षा विद्यार्थ्यांचीच गर्दी जास्त असते. कुणाला जात पडताळणीसाठी शपथपत्र हवे असते, कुणाच्या दाखल्यात आडनाव चुकलेले असते, कुणाची शिष्यवृत्ती अडलेली असते. अशाच कामासाठी गेल्या पावसाळ्यात धुळे तालुक्यातील एका खेड्यातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा आमच्याकडे आला. काम आटोपल्यावर त्याने पिशवीतून एक वही काढून पुढे ठेवली. वहीच्या मागच्या पानांवर त्याने संगणकावर खेळायचा एक खेळ आखला होता.

खेळ साधा होता. गावात पाण्याचा टँकर येतो. दोन घरांतून दोन मुली हंडे घेऊन निघतात. खेळणाऱ्याने त्यांतली एक निवडायची. एकीच्या वाटेवर दोन वळणे, दुसरीच्या वाटेवर बारा. दुसरी मुलगी कितीही धावली तरी बारावे वळण संपेपर्यंत टँकर रिकामा झालेला असतो. आम्ही विचारले, "मग हा खेळ जिंकायचा कसा?" तो म्हणाला, "साहेब, धावून जिंकता येत नाही. टँकर कुठे उभा राहील हे ठरवणाऱ्या बैठकीत जाऊन बसावं लागतं. तो रस्ता शोधला की जिंकलं."

ज्या पोराला वयाच्या विसाव्या वर्षी एवढे कळले, त्याचा खेळ तयार झाला असेल असे कुणालाही वाटेल. तो झाला नाही. त्याच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनीच ‘गेम जॅम’ भरवला होता. गेम जॅम म्हणजे खेळ तयार करण्याचा मेळा. मुले गट करून एकत्र बसतात, विषय ऐन वेळी जाहीर होतो आणि ठरलेल्या मुदतीत चालणारा खेळ उभा करायचा असतो. पण गट बनले ते लॅपटॉपभोवती. ज्यांच्याकडे लॅपटॉप होते त्यांनी आपापले मित्र घेतले. आमच्या या मुलाकडे लॅपटॉप नव्हता. तो दोन दिवस मागच्या बाकावर बसला आणि बक्षीस समारंभात टाळ्या वाजवून वसतिगृहावर परतला. "साहेब, खेळ पाहिले, केला मात्र नाही," एवढेच तो म्हणाला.

त्याला कुणी हिणवले नाही, कुणी जात विचारली नाही. तरीही पंगत उठली तेव्हा आपला मुलगा उपाशीच होता! जात न विचारता माणसाला बाहेर ठेवण्याची ही नवी तऱ्हा चळवळीने नीट ओळखली पाहिजे. आजचा अग्रलेख त्यासाठीच.

कुणी म्हणेल, समाजापुढे अत्याचार, बेकारी, शिष्यवृत्ती असे प्रश्न असताना आम्ही पोरांच्या खेळावर का लिहीत बसलो? त्यांना आम्ही आपल्याच खानदेशातील एका प्रसंगाची आठवण करून देतो. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत फिरत होते. धुळ्याकडे सामाजिक बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या महार बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून वस्तीत नेण्यासाठी टांगा हवा होता. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. सवारी कोण? विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर! पण टांगेवाल्याच्या लेखी तो केवळ अस्पृश्य. शेवटी तोडगा निघाला, की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. पाहुण्याला पायी न्यायचे नाही या स्वाभिमानापोटी आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलाला कठडे नव्हते, कडेला फक्त दगड रोवलेले होते. चाक दगडाला धडकले, बाबासाहेब पुलावर आदळले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक धडा आहे. टांगा भाड्याने मिळत होता. मिळत नव्हती ती हाकण्याची विद्या. कारण ती शिकण्याची संधीच आपल्याला कुणी दिलेली नव्हती. लगाम हाती धरणाऱ्या त्या बांधवाची नियत खोटी नव्हती, त्याला सराव नव्हता. वस्तू मिळणे वेगळे आणि ती चालवण्याची विद्या मिळणे वेगळे.

आज आपल्या वस्त्यांत तोच टांगा मोबाइलच्या रूपाने आला आहे. जळगावच्या पिंप्राळ्यापासून साक्रीच्या पाड्यापर्यंत पोरांच्या हातात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये खेळ आहेत. मग खेळ बनवणारे कोण? पैसा कुणाच्या घरात जातो? आपण सवारी आहोत. भाडे आपण देतो, लगाम मात्र दुसऱ्याच्या हाती! ही सवारीची भूमिका सोडून हाकणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसायला शिकवणारी शाळा म्हणजे हे खेळनिर्मितीचे मेळे. म्हणून आम्ही त्यांचे स्वागत करतो. आणि स्वागत करतो म्हणूनच त्यांच्यात आपला वाटाही मागतो.

या मेळ्यांचा इतिहास फार जुना नाही. ‘ग्लोबल गेम जॅम’ हा जगभरचा मेळा पहिल्यांदा जानेवारी २००९ मध्ये भरला, तेव्हा त्यात २३ देशांतील ५३ ठिकाणे होती. मूळ मुदत ४८ तासांची. २०१३ साली विषय म्हणून शब्द दिलाच नाही. फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला आणि यावरून खेळ करा म्हणून सांगितले. त्या आवाजाला ना भाषा, ना धर्म, ना जात! त्या मेळ्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. तिथे परीक्षेसारखे नापास कुणी होत नाही. चित्र काढणारा, आवाज देणारा, गोष्ट रचणारा, प्रोग्रॅम लिहिणारा असे चौघे एकत्र आल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. अर्धवट राहिलेला खेळही सर्वांना दाखवायचा, कुठे अडले ते सांगायचे आणि दुसऱ्याने ते सोडवून दाखवायचे. पडण्याची भीती न बाळगता लगाम धरायला शिकण्याची ही जागा आहे. चाळीसगावच्या त्या बांधवाला अशी जागा मिळाली असती तर!

आता आईबापांच्या मनातील शंकेकडे वळू. ‘गेम’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवर पैसे हरलेला मुलगा उभा राहतो. ही भीती खोटी नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संपत्तीच्या नाशाचे सहा मार्ग सांगितले, त्यांत जुगार आहे. देशाच्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला आणि पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांना मान्यता दिली आहे. जुगार आणि खेळ यांत कायदा भेद करतो, तो आपणही करावा. खेळ खेळण्यात रात्र घालवणारा मुलगा वेगळा आणि खेळ बनवण्यासाठी रात्र जागणारा मुलगा वेगळा. दुसऱ्याला गणित लागते, चित्रकला लागते, भाषा लागते, चार माणसांबरोबर काम करण्याची शिस्त लागते.

शिवाय, खेळ म्हणजे नुसती करमणूक असे समजणारे भाबडे आहेत. खेळाच्या पोटात विचार असतो. आपण लहानपणी खेळलेल्या सापशिडीचे मूळ मोक्षपटात आहे. पुण्याची शिडी, पापाचा साप आणि शेवटी मोक्ष. तुझी सोंगटी खाली आली तर दोष तुझ्या कर्माचा! पिढ्यान् पिढ्या हसतखेळत हे मनावर बिंबवले गेले. फासा कुणाचा आणि पट कुणी आखला, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

याउलट एक उदाहरण अमेरिकेतले आहे. लिझी मॅगी नावाच्या बाईने जमीनदारांची मक्तेदारी किती अन्यायाची असते हे लोकांना कळावे म्हणून एक पट तयार केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे त्याच कल्पनेवरून ‘मोनोपॉली’ हा खेळ बाजारात आला. आपल्याकडचा ‘व्यापार’ त्याचाच भाऊबंद. मक्तेदारीविरुद्ध रचलेला खेळ मक्तेदारीचीच मौज शिकवू लागला! १९३५ साली कंपनीने तिचे हक्क घेतले, तिच्या पदरात पडले ५०० डॉलर. ‘मोनोपॉली’चा जनक म्हणून भलत्याचेच नाव झाले आणि तिचे नाव अनेक दशके झाकले गेले.

म्हणून वकील या नात्याने आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम, काढलेले चित्र, रचलेली गोष्ट यांचे पहिले मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच. नोकरीत राहून केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. मात्र नुसत्या कल्पनेला या कायद्याचे संरक्षण नसते. वहीत राहिलेली कल्पना कुणीही उचलू शकतो, म्हणून ती रेखाटून, लिहून, तारीख घालून ठेवा. स्पर्धेत भाग घेताना अर्जावरच्या बारीक अक्षरांतील अटी वाचा. तुमचे सर्व हक्क आयोजकाला दिले, असे वाक्य असेल तर सही करण्याआधी विचारा. सही करून झाल्यावर रडत आलेले पक्षकार आम्ही रोज पाहतो.

आता शासनाकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्यांतले खानदेशाच्या वाट्याला किती येणार? जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले म्हणजे बहिणाबाईंच्या नातवंडांचे शिक्षण झाले असे होत नाही. संविधानाचे कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक आणि आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्यास राज्याला सांगते. आमची मागणी स्पष्ट आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रत्येक वसतिगृहात चालू स्थितीतील संगणक कक्ष हवा आणि तो संध्याकाळी उघडा हवा. कुलूप लावून ठेवलेला संगणक म्हणजे हाकणाऱ्याविना भाड्याने दिलेला टांगाच!

पण सगळा भार सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. १४ एप्रिलला आपल्या गल्लीगल्लीत जयंती होते. डीजेच्या भिंती उभ्या राहतात, एका रात्रीत हजारो रुपये हवेत विरतात आणि सकाळी हाती उरतो तो कानाचा दडा. जळगाव-धुळ्यातील जयंती मंडळांना आमचे आवाहन आहे, की एका रात्रीच्या डीजेचा खर्च बाजूला काढा आणि दोन दिवसांचा खेळनिर्मिती मेळा भरवा. वापरलेले चार संगणक त्यात येतील. लागणारी साधने मोफत आहेत. लहान मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आहे, ते अमेरिकेतील एमआयटीने २००७ साली सर्वांसाठी खुले केले. मोठ्या मुलांसाठी ‘गोडो’ आहे. अर्जेंटिनातील दोन तंत्रज्ञांनी ते घडवले आणि २०१४ साली जगाला खुले केले. त्यावर केलेल्या खेळाच्या कमाईतला एक रुपयाही कुणाला द्यावा लागत नाही. साधे, सपाट चित्रांचे खेळ करायला महागडे यंत्र लागत नाही. शिकवायला आपलीच अभियंता झालेली मुले पुण्या-मुंबईहून बोलवा. नोकरी लागल्यावर समाजाचे ऋण कसे फेडू, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

दोन पथ्ये मात्र पाळा. पहिले, गट चिठ्ठ्या टाकून करा, लॅपटॉप पाहून नव्हे. प्रत्येक गटाला एक संगणक मेळ्याने द्यावा आणि प्रत्येकाच्या हाती तो आळीपाळीने यावा. दुसरे, मेळा दिवसा भरवा. रात्रभर चालणाऱ्या मेळ्यात आपल्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही. आणि मग ‘मुली येतच नाहीत’ असे म्हणायला आयोजक मोकळे होतात. खेळ अहिराणीत बोलू द्या, पावरीत बोलू द्या. विषय आपल्या जगण्यातले घ्या. चवदार तळ्यापासून टँकरच्या रांगेपर्यंत आपल्याकडे विषयांचा तुटवडा नाही.

आमच्या वाचकांत कुणी प्राध्यापक असतील, कुणी संगणक क्षेत्रात असतील, कुणी नुसतेच जयंती मंडळाचे वर्गणीदार असतील. प्रत्येकाने एवढे करावे, की आपल्या वस्तीत वहीच्या मागच्या पानावर असा खेळ आखून बसलेले पोरगे शोधावे. ते आहे. फक्त मागच्या बाकावर बसलेले आहे. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द पहिला ठेवला, तो दुसऱ्याने हाकलेल्या गाडीत बसून टाळ्या वाजवण्यासाठी नव्हे.

त्या मुलाची वही आम्ही परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर आजची तारीख आणि स्वतःची सही घालायला सांगितले. त्याने घातली. आता त्याला संगणक मिळवून देणे हे आपले काम आहे. चाळीसगावच्या पुलावर एकदा आपल्याकडून लगाम सुटला, कारण तो धरायला कुणी शिकवले नव्हते. पुढच्या पिढीच्या बाबतीत ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.

जयभीम!