परक्या जहाजांवरचा हिरवा हिशेब

भारताच्या परदेशी व्यापारातला सुमारे 95 टक्के माल वजनाच्या हिशेबाने समुद्रावरून ये-जा करतो. किमतीच्या हिशेबाने हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास भरते. आखातातले कच्चे तेल, इंडोनेशियाचा कोळसा, मलेशियाचे पामतेल, युरोपला जाणारे तयार कपडे, सगळे याच वाटेने. एकट्या न्हावाशेव्याच्या बंदराने 2024-25 मध्ये वीस फुटी कंटेनरच्या मापाने 70 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. त्यांतले बहुतेक परदेशी कंपन्यांच्या जहाजांवरून आले आणि गेले.

भारतीय जहाजवाहतुकीच्या हरित स्थित्यंतराचा विचार या गोष्टीपासून सुरू व्हायला हवा. व्यापार भारताचा असला तरी जहाजे भारताची नाहीत. जगाच्या एकूण जहाजक्षमतेत भारतीय ध्वजाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस देशाच्या आयात-निर्यातीपैकी सुमारे 40 टक्के माल भारतीय जहाजे वाहत. आज हा आकडा पाच टक्क्यांच्या घरात आहे. परदेशी जहाजांना दरवर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे जाते, असे सरकारच सांगते.

ही स्थिती काही कायमची नव्हती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले ते ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याच्या जिद्दीने. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढची घसरण मात्र कोणा परकीय सत्तेने घडवलेली नाही. महाग आणि अल्प मुदतीची कर्जे हे तिचे एक कारण. दुसऱ्याची चर्चा कमी होते. भारतीय आयातदार बहुधा भाड्यासकट किमतीने माल घेतो आणि निर्यातदार जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीने विकतो. दोन्ही वेळा जहाज कोणते, हे समोरचा ठरवतो.

या व्यवहारात आता कार्बनची भर पडली आहे. जगाच्या हरितवायू उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै 2023 मध्ये तो 2050च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय ठरवले. त्यासाठी जागतिक कार्बन-आकाराचा आराखडा एप्रिल 2025 मध्ये संमत झाला; पण ऑक्टोबरमध्ये अंतिम मतदानाच्या वेळी अमेरिकेच्या दबावाखाली 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर लांबणीवर टाकण्यात आला. युरोपीय संघ थांबलेला नाही. 2024 पासून त्याने जहाजांना आपल्या कार्बन बाजारात ओढले आहे. युरोपबाहेरून येणाऱ्या सफरीच्या निम्म्या उत्सर्जनाचे परवाने जहाजकंपनीला विकत घ्यावे लागतात. पहिल्या वर्षी त्यातल्या 40 टक्क्यांचा हिशेब धरला गेला, 2025 साठी 70 टक्के आणि 2026 पासून पूर्ण.

नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण घेतले की हा आकार कुठे जाऊन बसतो ते दिसते. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवून रीफर कंटेनरमधून न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जातात. प्रवासभर कंटेनर जहाजावरच्या विजेला जोडलेला असतो. ही वीज जहाजाची जनित्रे तेल जाळून बनवतात. म्हणजे साध्या कंटेनरपेक्षा रीफरचा कार्बन जास्त, आणि कंपन्या त्याला अधिभारही जास्त लावतात. 2023च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा दिवस वाढले, तेल वाढले आणि त्याबरोबर हा आकारही. भाड्याचे बिल कोणाच्याही नावावर फाटो, अधिभार बऱ्याच अंशी बागाईतदाराच्या दरातूनच वळता होतो. जमा मात्र होतो तो युरोपच्या तिजोरीत. स्वतःची जहाजे असती तरी आकार चुकला नसता. पण कमी तेल पिणारे जहाज घेऊन तो घटवणे आपल्या हातात राहिले असते.

जे हातात आहे, तिथे काम सुरू झाले आहे. बंदरे देशाची आहेत, म्हणून हिरवाईची सुरुवातही तिथून झाली. 2023च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या बंदरांनी प्रति टन मालामागचे कार्बन उत्सर्जन 2030 पर्यंत 30 टक्क्यांनी आणि 2047 पर्यंत 70 टक्क्यांनी कमी करायचे आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या हरित टग योजनेत न्हावाशेवा, कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन या चार बंदरांनी पहिल्या टप्प्यात प्रत्येकी किमान दोन हरित टग घ्यायचे आहेत. निवड शहाणपणाची आहे. मोठ्या जहाजांना धक्क्याला आणणारा टग दूर जात नाही, रोज त्याच धक्क्यावर परततो. बॅटरी चार्ज करायला याहून सोयीचे जहाज नाही. धक्क्याला लागलेल्या जहाजाने इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यावी, ही कल्पनाही चांगली. फक्त ती वीज कोळशाची असेल तर धूर न्हावाशेव्याहून चंद्रपूरच्या वीजकेंद्रावर हलतो, इतकेच.

छोट्या जलवाहतुकीत केरळ बराच पुढे आहे. वैक्कम ते तवणक्कडवू या वेंबनाड सरोवरातल्या फेरीवर जानेवारी 2017 पासून ‘आदित्य’ ही 75 आसनांची सौरबोट चालते. छपरावर सौरपट्ट्या, खाली बॅटऱ्या आणि दिवसभर तोच छोटा पल्ला. डिझेलचा खर्च गेल्यामुळे जादा भांडवल वसूल होते, हे तिने दाखवून दिले. कोचीची वॉटर मेट्रो 2023 मध्ये याच वाटेने आली.

याच शहरातल्या कोचीन शिपयार्डने 2022 मध्ये नॉर्वेच्या आस्को कंपनीला बॅटरीवर चालणारी, पुढे माणसाविना चालवता येतील अशी दोन मालवाहू जहाजे बांधून दिली. ओस्लोच्या फियॉर्डमध्ये ती ट्रेलर वाहतात. हरित जहाज बांधण्याचे कसब आहे, आणि त्याला गिऱ्हाईक नॉर्वेचे. भारतीय मालकाला असे जहाज मागवावेसे वाटत नाही, कारण जादा किंमत भरून देणारे भाडे त्याला कोणी देत नाही.

बॅटरीचा उपाय लांब पल्ल्याला चालत नाही. तिथे हरित हायड्रोजनपासून बनवता येणारे मिथेनॉल किंवा अमोनिया लागेल. तेवढीच ऊर्जा साठवायला मिथेनॉलला तेलाच्या सुमारे अडीचपट आणि अमोनियाला जवळपास तिप्पट जागा लागते. टाक्या वाढल्या की मालाची जागा घटते. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद 19,744 कोटी रुपयांची आहे. त्यातून जहाजांवरच्या प्रायोगिक प्रकल्पांना 115 कोटी ठेवले गेले. प्रमाण पाहता जहाजांना यात चिंचोके मिळाले, असेच म्हणावे लागते. खरा डाव इंधन विकण्याचा दिसतो. कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन ही हरित हायड्रोजनची केंद्रे करून येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी जहाजांना इंधन पुरवायचे. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही.

मालकीच्या प्रश्नाला हात घालणारा निर्णय सप्टेंबर 2025 मध्ये झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि जहाजवाहतुकीसाठी 69,725 कोटींची योजना मंजूर केली. त्यात 25,000 कोटींचा सागरी विकास निधी आहे. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाल्याने दीर्घ मुदतीची, तुलनेने स्वस्त कर्जे मिळू शकतील. मालाची हमी मात्र निधीतून मिळत नाही. सरकारी तेल आणि खत कंपन्यांनी खरेदीचे करार बदलून जहाज निवडण्याचा हक्क स्वतःकडे घेतला आणि भारतीय जहाजांना दहा-पंधरा वर्षांचे भाडेकरार दिले, तरच बँका नव्या इंधनाच्या जहाजावर पैसे लावतील.

माणसांच्या बाबतीत भारताचा वाटा मोठा आहे. जगातल्या नाविकांपैकी दहा-बारा टक्के भारतीय आहेत. कोकणातल्या कित्येक घरांचा प्रपंच बोटीवरच्या पगारावर चालतो. नवी इंधने त्यांच्या कामाची रीत बदलतील. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, आणि अमोनियाची गळती इंजिनखोलीत जीवघेणी ठरू शकते. ही इंधने हाताळण्याचे शिक्षण खलाशांपासून मुख्य अभियंत्यापर्यंत साऱ्यांना घ्यावे लागेल. भारतीय जहाजे थोडी असल्याने प्रत्यक्ष सरावही त्यांना बहुतांशी परदेशी जहाजांवरच मिळेल.