जुना पीसी घरातले दिवे-पंप सांभाळतोय? आता त्यात कोणती सिस्टीम टाकायची?

समजा, भिवंडीजवळच्या शेलारमधल्या एका घरात टाकीचा पंप, जिन्यातले दिवे आणि दारावरचा कॅमेरा एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतोय. त्यात ‘होम असिस्टंट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सगळं नीट चाललंय, मग हात लावायचाच कशाला?

कारण होम असिस्टंटने डिसेंबर २०२५ च्या आवृत्तीनंतर ३२ बिट सिस्टीमचा सपोर्ट बंद केला. मशीन बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट येणार नाहीत. आणि हा काही सिनेमे बघायचा पीसी नाही, घरी कोण येतं-जातं ते त्याला दिसतं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘डेबियन १२ टाका, ३२ बिटवर चालतं आणि जून २०२८ पर्यंत अपडेट मिळतात.’ खरंय. पण त्याने फक्त खालची सिस्टीम ताजी राहते. वरचं होम असिस्टंट जुन्याच आवृत्तीवर अडकतं.

म्हणून आधी प्रोसेसर बघा. विंडोज असेल तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत दोन गोष्टी दिसतात: सिस्टीम किती बिटची आणि प्रोसेसर किती बिटचा. कोअर २ ड्युओसारखे २००६ पासूनचे प्रोसेसरही ६४ बिटचे आहेत. दुकानदाराने त्यावर ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं असतं, एवढंच! असा पीसी भंगारात देऊ नका. रास्पबेरी पाय असेल तर पाय ३ पासून पुढे ६४ बिट चालतं, पण पाय ३ ची १ जीबी रॅम लवकरच अपुरी पडते.

प्रोसेसर ६४ बिट निघाला तर होम असिस्टंटची स्वतःची सिस्टीम सगळ्यात सोपी. पण पीसीवर तिला यूईएफआय लागतं, आणि जुन्या मदरबोर्डवर बहुतेकदा साधं बायोसच असतं. तिथे माझं मत डेबियन १३ ला. ते ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. त्यावर डॉकरमधून होम असिस्टंट चालवायचं. ॲड-ऑन मिळत नाहीत, पण पंप-दिव्यांना ते लागतातच असं नाही.

विंडोज १० वरच राहावं का? त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि एवढ्या जुन्या पीसीत ते नसतं.

३२ वरून ६४ बिटवर जाताना डिस्क पुसली जाते. आधी बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याची एन्क्रिप्शन की कागदावर लिहून ठेवा. कीशिवाय तो बॅकअप उघडत नाही.