जमावाला अक्कल नसते, हे ठरवले कोणी?



प्रशासनाच्या एका प्रशिक्षण वर्गाला मी शाखेतर्फे बसलो होतो. व्याख्याते म्हणाले, एकेकटा कामगार समजूतदार असतो, पण घोळक्यात गेला की पुढारी नेईल तिकडे जातो. हे आधुनिक मानसशास्त्र आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. तरी म्हटले, हे आधुनिक किती ते पाहू.

माल 1895 चा निघाला! गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच डॉक्टराने त्या वर्षी जमावाच्या मानसशास्त्रावर पुस्तक काढले. 1871 मध्ये पॅरिसच्या कष्टकऱ्यांनी शहराचा कारभार हाती घेतला होता, तो यांनी डोळ्यांनी पाहिलेला. त्याचा धसका पुस्तकभर दिसतो. जमावात माणूस रानटी होतो आणि त्याला मालक लागतोच, हे त्यांचे म्हणणे. 1921 मध्ये फ्रॉइडने समूहावर लिहिताना हेच वर्णन पायाला घेतले आणि पुढाऱ्याला बापाच्या जागी बसवले. पुढे वर्गातल्या टिपणांतून ल बाँचे नाव गळाले, विचार तेवढा राहिला. जुन्या डब्याला नवा रंग मारून गाडीला जोडावा, तसा. गंमत म्हणजे या गृहस्थाने संसदेलाही जमावातच धरले होते. ते पान वर्गात कोणी उघडत नाही.

जॉर्ज रूदे या इतिहासकाराने मात्र पोलिसांची जुनी दप्तरे उपसली आणि 1959 मध्ये पुस्तक लिहिले. 1789 साली बास्तीय किल्ला घेणारे कोण होते? सुतार, कुलपे करणारे, मोची, दुकानदार. कामधंद्याची माणसे, आणि पावाच्या महागाईने गांजलेली.

आपलाच 1974 चा संप घ्या. जॉर्ज फर्नांडिस यांना 2 मे रोजीच अटक झाली. संप सुरू झाला 8 मे रोजी आणि चालला 27 मेपर्यंत. मागण्या पदरात पडल्या नाहीत, हे खरे. पण मालकावाचून न हलणारा कळप असता तर पहिल्याच दिवशी पांगला असता. नोकऱ्या जात होत्या, क्वार्टरमधून बायकापोरे बाहेर काढली जात होती. ड्यूटीवर जायचे की नाही, हे प्रत्येकाला रोज सकाळी स्वतः ठरवावे लागत होते.

रेल्वे असो की टपाल, चार्जशीटमध्ये ‘चिथावणी’ हा शब्द येतो तो याच गोदामातून. कामगाराला अक्कलच नाही म्हटले की त्याचे मागणीपत्र वाचायची गरज उरत नाही. चिथावणारा एक शोधला की फाईल बंद! म्हणून असा आरोप आला तर उत्तरात पहिल्या ओळीत मागणीपत्राची तारीख लिहा, आणि त्यानंतर किती दिवस प्रशासन गप्प बसले तो आकडा.