मूर्ती जपतो, तसे मूलही जपावे

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप येऊ लागली की मुंबई, ठाणे, पुणे येथील चाकरमान्यांचे चित्त कचेरीत राहत नाही. कोकणातील गणपती हा प्रामुख्याने घराचा गणपती. सार्वजनिक मंडपाच्या रोषणाईपेक्षा आपल्या माजघरातील मखर आणि त्यापुढील समई ज्यास प्रिय, तो रत्नागिरीकर जगाच्या पाठीवर कोठेही असो, या चार दिवसांत मूळ घरी पोहोचण्याची धडपड करतोच. या यात्रेत त्याच्यासोबत त्याची मुलेबाळे असतात. त्यांच्या प्रवासाविषयी सणाच्या तोंडावरच चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

एके काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हेच आमच्या किनाऱ्याचे वाहन होते. पुढे एस.टी.ने गावोगाव जोडले, आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. सांप्रत त्यांच्या जोडीला घरची मोटार आणि चार कुटुंबांनी मिळून भाड्याने घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर आली आहे. अलीकडे त्यात कॅराव्हॅनचीही भर पडली. निजावयास बिछाना, स्वयंपाकास ओटा आणि शौचाची सोय असलेले हे चाकांवरचे घरच होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. या सोयींची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. वृद्धांना आणि लेकुरवाळ्यांना त्यांचा मोठाच आधार होतो. परंतु वाहन जितके घरासारखे दिसू लागते, तितकी मुले त्यात घरासारखी वावरू लागतात, आणि वडीलधारी माणसेही त्यांना वावरू देतात. धोक्याचा आरंभ येथेच होतो.

रस्त्याची कथा वाचकांना नव्याने सांगावयास नको. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक सतराचा सहासष्ट झाला. त्याच्या चौपदरीकरणास २०११ साली हात लागला, आणि कोठे पुरे, कोठे अपुरे असे ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. १९ मार्च २०१३ रोजी खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खासगी बस कोसळून ३७ प्रवासी मृत्युमुखी पडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नाहीशा झाल्या. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगाव तालुक्यातील रेपोली येथे गुहागरकडे निघालेल्या व्हॅनची ट्रकशी टक्कर होऊन एकाच आप्तपरिवारातील माणसे गेली, त्यांत लहान मूलही होते.

पूल आणि खड्डे यांचे उत्तरदायित्व शासनाचे आहे, आणि त्याचा जाब विचारण्याचा आपला अधिकार कोणीही काढून घेऊ शकत नाही. परंतु वाहनाच्या आतील चार हात जागेचे राजे आपणच आहोत. तेथे मूल कोठे बसावे, कसे बसावे, हे कोणताही ठेकेदार ठरवीत नाही. रस्त्याचा संताप करता करता या आपल्या हातातील गोष्टीकडे दुर्लक्ष होते, असे आमचे निरीक्षण आहे.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात शकटभंजनाची कथा येते. बाळकृष्ण प्रथमच कुशीवर वळला, त्या दिवशी नंदाघरी उत्सव होता. पाहुण्यांची दाटी झाली होती आणि यशोदा त्यांच्या आदरसत्कारात गुंतली होती. बाळास तिने एका गाड्याच्या सावलीत निजविले. बाळ रडू लागले, पण गडबडीत तिला ते ऐकू गेले नाही. इतक्यात त्या चिमुकल्या पायाच्या धक्क्याने भांड्याकुंड्यांनी भरलेला तो गाडा उलथून मोडून पडला. कीर्तनात आम्ही ही कथा भगवंताच्या सामर्थ्याचे वर्णन करण्यासाठी सांगतो. तथापि तिच्यात गृहस्थासाठी दुसराही बोध आहे. संकट आले ते सणाच्या दिवशी, वाहनापाशी आणि सर्वांचे लक्ष अन्यत्र असताना. तो बालक साक्षात् परमेश्वर होता, म्हणून निभावले. आपली लेकरे आपल्याला बाळकृष्णासारखी वाटतात हे खरे, परंतु गाडा उलथविण्याचे सामर्थ्य त्यांच्या पायांत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या घरांतून सर्वांत दृढ असलेला समज म्हणजे आईची अथवा आजीची मांडी हीच मुलाची सुरक्षित जागा. मायेच्या दृष्टीने हे शंभर टक्के खरे आहे. गतीचे शास्त्र मात्र माया जाणत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन आदळून थांबले, तर आतील मोकळ्या देहास बसणारा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढा असतो. दहा किलो वजनाचे बालक त्या क्षणी शे-सव्वाशे किलोहून अधिक जोराने पुढे फेकले जाते. पहिलवानाचेही हात तो भार धरू शकत नाहीत, तेथे पेंगुळलेल्या आजीच्या हातांची काय कथा! एकाच पट्ट्यात आई आणि मूल दोघांनी बसणे तर त्याहून वाईट, कारण पट्टा आणि आईचा देह यांमध्ये मूल चिरडले जाते.

पुढील आसनावर मुलास बसविण्याची हौसही अशीच घातक आहे. मोटारीतील एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते. प्रौढ माणसाच्या छातीस आधार देण्यासाठी असलेला तो धक्का बालकाच्या मानेस आणि मस्तकास सोसत नाही. २०२४ च्या डिसेंबरात वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या बालकाचा अशाच अपघातात अंत झाला, ही वार्ता अनेकांच्या स्मरणात असेल.

मग मुलास बसवावे कसे? तान्ह्या बाळासाठी मागील आसनावर घट्ट बसविलेली आणि बाळाचे तोंड वाहनाच्या मागील बाजूस राहील अशी स्वतंत्र बालखुर्ची हवी. त्यायोगे पाठ, मान आणि मस्तक यांना एकत्र आधार मिळतो. दोन वर्षांपर्यंत, आणि खुर्चीत मावत असेल तर त्यानंतरही, हीच पद्धत उत्तम. पुढे समोर तोंड करून पट्ट्यांची बालखुर्ची, आणि त्याहून मोठे झाल्यावर उंची वाढविणारी बैठक द्यावी. मोटारीचा पट्टा मुलाच्या गळ्यावरून न जाता खांद्यावरून जाईल आणि पोटावरून न जाता कमरेच्या हाडावर बसेल, तेव्हाच ते साध्या आसनास योग्य झाले असे समजावे. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाची जागा मागेच. या खुर्चीस काही हजार रुपये पडतात. मखराच्या सजावटीवर आपण सहज खर्च करतो. त्यातील एक वाटा इकडे वळविल्यास गणराय रुष्ट होणार नाहीत.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा बालखुर्चीने बांधलेले नसेल, तर वाहन चालविणारा एक हजार रुपये दंडास पात्र ठरतो. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकास चालकाशी जोडणारा पट्टा व शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आहे. गावी पोहोचल्यावर काकाच्या मोटारसायकलवर टाकीपुढे बसून फिरणारी बालके पाहिली की या नियमाचे स्मरण करून द्यावेसे वाटते.

ट्रॅव्हलर अथवा कॅराव्हॅन भाड्याने घेताना गृहस्थाने प्रथम एकच प्रश्न विचारावा: पट्टे असलेली आसने किती? जितके पट्टे तितकीच माणसे न्यावीत, आणि या मोजणीत मूलही एक पूर्ण माणूस धरावे. बिछाने आहेत ते वाहन उभे असताना निजण्यासाठी. धावत्या गाडीत त्यांवर मुलांस निजवू नये, आडव्या बाकांवर बसवू नये आणि मधल्या वाटेत नाचू देऊ नये. ओट्यावरील तवा, पातेली, पाण्याचे कॅन हे सारे बांधून अथवा कपाटात बंद करून ठेवावे, कारण अचानक ब्रेक लागला की ठेवलेली वस्तू दगडासारखी सुटते. गॅसची तोटी प्रवासात बंद असावी. वाहन उभे करून निजताना दारेखिडक्या लावून जनरेटर अथवा शेगडी कदापि चालू ठेवू नये. २०२४ च्या डिसेंबरातच केरळातील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू त्यांच्या मृत्यूचे कारण ठरला. या वायूस रंग नाही आणि वासही नाही. धडधाकट पुरुषांची ही गत, तर बालकांचे काय सांगावे!

घाई हे या सर्व अनर्थांचे मूळ आहे. रजा अपुरी, म्हणून दिवसभर काम करून रात्री निघावयाचे आणि चालकाने पहाटेच्या झोपेशी झुंजत कशेडी उतरावयाचा, असा क्रम अनेक घरांत पडला आहे. ‘स्थापनेची वेळ टळेल’ ही भीती त्यामागे असते. याविषयी शास्त्रदृष्ट्या स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. चतुर्थीच्या दिवशी प्रातःकाळापासून मध्याह्नापर्यंत केव्हाही पार्थिव गणेशाची स्थापना करता येते. त्यासाठी विशेष मुहूर्त शोधावा लागत नाही, भद्रेचा विचारही करावा लागत नाही, असे पंचांगकर्ते दरवर्षी सांगत असतात. घरी असलेल्या भावाने अथवा पुतण्याने पूजा केली तरी ती घराण्याचीच पूजा होते. तेव्हा तृतीयेपूर्वीच, पुरती झोप घेऊन, उजाडताना निघावे. दर दोन तासांनी थांबावे आणि मुलांना रस्त्याच्या नव्हे, कडेच्या बाजूने, हात धरून उतरवावे. बाळ भुकेने रडू लागले तर गाडी थांबवावी, पट्टा सोडू नये.

घर आले म्हणजे धोका टळला असे मात्र नव्हे. अंगणात पाहुण्यांच्या मोटारी मागे-पुढे होत असतात आणि बाळगोपाळ त्याच अंगणात लपंडाव खेळत असतात. गाडी मागे घेण्यापूर्वी एका जबाबदार माणसाने सर्व मुले आपल्यापाशी गोळा करावीत. उभ्या मोटारीची दारे कुलूपबंद असावीत आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. २०२३ च्या जूनमध्ये नागपुरात खेळता खेळता बंद मोटारीत अडकलेली तीन बालके गुदमरून दगावली. उन्हात बंद वाहनातील उष्णता दहा-पंधरा मिनिटांत दहा अंशांनी चढते, म्हणून ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही मुलास आत ठेवून जाऊ नये.

‘लेकराला असे जखडून काय ठेवता, द्या माझ्याकडे,’ असे घरातील आजी म्हणेल, आणि ते प्रेमापोटीच म्हणेल. तिला भगवंताच्या दामोदर या नामाचे स्मरण द्यावे. दाम म्हणजे दोरी. यशोदेने बाळकृष्णास उखळाशी बांधले, आणि ती दोरी ज्याच्या उदरावर शोभली तो दामोदर. दोरी प्रत्येक वेळी दोन बोटे अपुरी पडे. त्यांतील एक बोट मातेच्या प्रयत्नाचे आणि दुसरे ईश्वरी कृपेचे, असा अर्थ भाविक टीकाकार लावतात. आपल्या वाट्यास प्रयत्नाचे बोट आले आहे. ते पुरे केल्यावाचून ‘देव पाहून घेईल’ असे म्हणणे म्हणजे श्रद्धा नव्हे, आळस होय.

मूर्तिशाळेतून गणपती आणताना आपण काय करतो ते पाहावे. गाडीत मऊ गादी अंथरतो, मूर्ती हलू नये म्हणून चहूबाजूंनी उशा लावतो, एक माणूस नजर ठेवण्यास बसवितो आणि चालकास ‘सावकाश हाक’ असे दहादा बजावतो. सोंडेस टवका उडाला तर साऱ्या घराचा जीव थाऱ्यावर राहत नाही. ही काळजी योग्यच आहे. मात्र तीच मंडळी त्याच गाडीत नातवास दोन आसनांमध्ये उभा करतात, तेव्हा आम्हांस विस्मय वाटतो. मृण्मय मूर्तीचे विसर्जन करून आपण तिला पुढल्या वर्षी येण्याचे निमंत्रण देतो. जिच्यात प्राण परमेश्वरानेच प्रतिष्ठापित केला आहे, त्या बालमूर्तीविषयी अशी सोय नाही.

म्हणून यंदा प्रवासास निघताना नारळ वाढवून झाला की गृहस्वामीने गाडीत एकदा मागे वळून पाहावे. प्रत्येक मूल आपल्या आसनावर आहे आणि प्रत्येकाचा पट्टा लागला आहे, अशी खात्री झाल्यावरच मोरयाचा गजर करावा आणि गाडी हलवावी. विघ्नहर्त्याची ही पहिली पूजा घराच्या दारातच घडेल. सर्व लेकरे सुखरूप आरतीस उभी राहोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.