आधी शहानिशा

परवा असरनंतर अम्मींना फोन आला. "कंपनीतून बोलतोय. वर्षभराचं रिचार्ज निम्म्या दरात. फक्त *४०१* आणि पुढे मी सांगतो तो नंबर डायल करा." बोलणं इतकं अदबीचं, की अम्मी डायल करणारच होत्या. या कोडने आपले कॉल परक्याच्या फोनवर वळतात. बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा! विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. हा साधा मोबाइल होता. फोन ठेवून आम्हीच १९८ वर विचारलं. अशी योजनाच नव्हती. खबर आली की शहानिशा करा, हे सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आपण वाचतोच. कोड डायल झालाच असेल तर ##००२# करा, वळवलेले कॉल रद्द होतात. पैसे गेले असतील तर तडक १९३०.