फळा बदलला, पाठ बदलला का?

१ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत एका अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला तो प्रयोग वर्षभर चालला. भारतीय शास्त्रज्ञांनी तो यशस्वी करून दाखविला, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्यात एक उणीव होती. पडदा बोलत होता आणि गाव ऐकत होते; शंका आली तर ती पडद्याला विचारता येत नव्हती. सप्टेंबर २००४ मध्ये ‘इस्रो’ने केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ अवकाशात सोडला, तेव्हा ही उणीव अंशतः दूर झाली. काही केंद्रांवरील विद्यार्थी दूरच्या अध्यापकाला थेट प्रश्न विचारू शकत. उरलेल्या केंद्रांना मात्र फक्त पाहण्याचीच सोय होती.

‘परस्परसंवादी शिक्षण’ हा शब्द आज नव्या शोधासारखा मिरविला जातो. वस्तुतः प्रश्नोपनिषदाची रचनाच सहा जिज्ञासूंच्या प्रश्नांवर उभी आहे आणि पिप्पलाद ऋषी त्यांना उत्तरे देण्यापूर्वी वर्षभर आश्रमात राहावयास सांगतात. प्रश्न विचारण्याचीही पात्रता लागते, ती सहवासाने येते, हे येथे पूर्वीच ठाऊक होते. यंत्राला प्रश्न विचारता येतो. सहवास देणे त्याला जमलेले नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे शिक्षक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र त्याआधीची पायरी फारशी सांगितली जात नाही. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले आणि मग पुस्तके त्या भाषेत नेली. कोडचे अनुकरण राज्यभर, पुढे देशभर झाले. त्या पहिल्या पायरीचे अनुकरण किती ठिकाणी झाले?

साधनांचा तुटवडा हे कारण आता पूर्वीइतके पुढे करता येणार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारे मात्र ७६ टक्के होते. त्याच पाहणीत तिसरीतील जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता आला. यंत्र घरी आले, वाचन आले नाही. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या यंत्राचे काय करावयाचे, हे त्यांच्याशी कोणी बोललेलेच नसते.

याउलट सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांकडे पाहावे. ज्ञानरचनावादी पद्धतीने तेथे वर्गाची फरशीच फळा झाली. आखलेल्या आकृत्या, खडे, चिंचोके, काड्या घेऊन मुले गटागटाने आपणच गणित मांडू लागली. खर्च नगण्य. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते पाहावयास गेले, आणि तेथे जे घडले ते खरे प्रशिक्षण होते. एका शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग प्रत्यक्ष चालताना पाहिला, त्याला अडचणी विचारल्या, परतून आपल्या वर्गात करून पाहिले.

शासकीय प्रशिक्षणाची तऱ्हा वेगळी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ‘दीक्षा’ या संकेतस्थळावर गेला. अल्पावधीत लक्षावधी शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता, हे मान्य. परंतु चित्रफीत सुरू ठेवावी, शेवटची प्रश्नावली सोडवावी, प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, असे शिकणे शक्य असेल तर त्याला शिकणे म्हणावे काय? जो शिक्षक स्वतः मुकाट्याने पडदा पाहून ‘प्रशिक्षित’ होतो, तो वर्गात संवाद कोठून आणणार? कारखान्यात नव्या कामगाराला जुना कारागीर यंत्राशेजारी उभा करून शिकवितो. शिक्षकाच्या वाट्याला मात्र त्याच्या कामाच्या जागी असे कोणी येत नाही.

उपाय नव्या खरेदीत नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतातच. तेथे परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन एका शिक्षकाने मुलांसह पाठ घ्यावा, इतरांनी तो पाहून त्यावर मोकळेपणाने बोलावे. डिजिटल फळा हवाच असेल, तर त्याची मागणी त्या चर्चेतून, शिक्षकाकडून यावी, पुरवठादाराकडून नव्हे.