भंगारातली पेटी आणि किलोंचा हिशेब

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१७ पूर्वी घेतलेले, एरवी धडधाकट असलेले संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले. शाळा, पंचायती आणि सरकारी कार्यालयांतून अशी यंत्रे आता टप्प्याटप्प्याने बाहेर पडणार, हे उघड आहे. ती कोठे जाणार, हा प्रश्न मात्र गोव्यात सहसा एखाद्या भंगारअड्ड्याला आग लागल्यावरच विचारला जातो.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. जुन्या कॅबिनेटचे पत्रे, खिडक्यांच्या कामातून उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोडीत निघालेल्या यंत्रांतील पंखे आणि बटणे घेऊन संगणकाची नवी पेटी घडवणारे हौशी कारागीर जगभर आहेत. हा छंद शक्य होतो तो एका मानकामुळे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली. तीत मदरबोर्डचे माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर ठरले आणि स्क्रूच्या भोकांच्या जागाही ठरल्या. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स पेटीत आजचा मदरबोर्ड बसवता येतो. प्रोसेसर मागे पडतो, हार्ड डिस्क झिजते. पत्र्याची पेटी तशीच उभी राहते.

ती घडवायला अवघड यंत्रसामग्रीही लागत नाही. ग्रिल आणि गेट करणाऱ्या कोणत्याही शेडमध्ये मिलिमीटरभर जाडीचा पत्रा कापून वाकवता येतो. कसब लागते ते बारकाव्यांत. मदरबोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली छोटे पितळी खांब लावतात. त्यातला एक चुकीच्या जागी राहिला, तर बोर्डाच्या पाठीमागची जोडणी शॉर्ट होऊ शकते. पेटीचे भाग जेथे जुळतात तेथे रंग खरवडून धातूला धातू भिडवावा लागतो, नाहीतर अर्थिंग तुटक राहते. थंड हवा पुढून आत आणि गरम हवा मागून-वरून बाहेर, असा वारा खेळता ठेवावा लागतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडांना प्रायमर लावला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा दिसू लागतो. आणि भंगारातून सर्व काही उचलावे असेही नाही. जुना पॉवर सप्लाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार धरून ठेवतो, त्यामुळे तो उघडणे धोक्याचे आहे. या एका भागावर पैसे खर्चलेले बरे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. कार्यालयांसाठी बनवलेल्या अनेक संगणकांत कंपन्या स्वतःच्याच मापाचा मदरबोर्ड आणि वेगळ्याच पिनांचा पॉवर सप्लाय वापरतात. असा संगणक एटीएक्सच्या कुळातला नसतो. त्याचा एक भाग बिघडला की बाकीचे चांगले भागही निरुपयोगी ठरतात. ‘दुरुस्तीचा हक्क’ या चर्चेचा खरा गाभा येथे आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाची शिफारस केली, पण पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट एवढेच घेतले. जे यंत्र दुरुस्तीला सर्वांत सोपे असायला हवे, ते टेबलावरचे संगणक त्यातून सुटले.

कायद्याचा कलही विचार करण्याजोगा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांना पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घालून दिली: २०२५-२६ साठी ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. हा हिशेब वजनाचा आहे, आणि प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड परत मिळवल्याबद्दल मिळतात. संगणकाची पेटी म्हणजे त्यातले बहुतेक लोखंड. ती वितळवली की किलो मोजले जातात. दहा वर्षे आणखी वापरली की मोजायला काहीच उरत नाही. नियम नूतनीकरणाला सवलत देतात, हे मान्य करायला हवे: नूतनीकरण केलेल्या मालाबाबत उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि मुदत संपल्यावर त्यातले ७५ टक्केच त्याच्या खात्यात मोजले जाते. पण ही सवलत नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्यामार्फतच मिळते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात एकट्याने दुकान चालवणाऱ्या कारागिराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची नोंदणी पेलेल, असे मानणे भोळेपणाचे होईल.

वाट अगदीच बंद नाही. नियमांच्या व्याख्येत ई-कचरा म्हणजे ‘टाकून दिलेले’ उपकरण. म्हणजे खात्याने ‘निर्लेखित भंगार’ असा शेरा मारण्यापूर्वी तेच यंत्र ‘वापरलेले उपकरण’ म्हणून दुसऱ्या सरकारी संस्थेकडे सोपवले, तर ते कचरा ठरण्याचे कारण नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डिंग आणि संगणक या दोन्हींचे प्रशिक्षण मिळते. पत्रा वाकवण्यापासून प्रणाली बसवण्यापर्यंतचे काम एकाच आवारात होऊ शकते. गोव्याला हे नवेही नाही. २००० सालच्या सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक अमेरिकेतून येथील शाळांसाठी आणले गेले, त्यांवर लिनक्स चालवण्यात आले. तेव्हा यंत्रे समुद्रापलीकडून आणावी लागली. आज ती पर्वरी आणि पणजीच्या कार्यालयांतच आहेत.

अशा हस्तांतराला खाती कचरतात त्याचे एक कारण माहिती फुटण्याची भीती हे असते, आणि ती रास्त आहे. पण माहिती राहते ती हार्ड डिस्कवर. ती चार स्क्रू काढून वेगळी करता येते आणि खात्याच्या ताब्यात ठेवून नष्ट करता येते. पेटी, पंखे, मेमरी आणि मदरबोर्ड यांना सरकारी गुपिते ठाऊक नसतात.